काळ्या वाळूवर पांढरा लेप

शनिवार, संध्याकाळ

मी टाकीच्या काचेवर हात आपटला आणि त्याच क्षणी सगळं बिनसलं. मत्स्यालयात कामाला लागल्यापासून काचेला हात लावू नका म्हणून मीच लोकांवर ओरडतो.

गौरीने तिला बघायला आलेल्या चिपळूणच्या मुलाला आज मत्स्यालय दाखवायला आणलं. माझंच! टाकीत मी अर्धी मांडवी किनाऱ्याची काळी वाळू घातलीय, अर्धी पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरची पांढरी. चपटा लेप मासा जिकडे पसरतो तिकडचा रंग घेतो, मग नुसते डोळे दिसतात. तो मुलगा म्हणाला, "यातला मासा रजेवर गेलाय वाटतं!" गौरी हसली. आणि माझा हात गेला. लेप दचकून उडाला आणि काळ्या वाळूवर पडला, पांढराच्या पांढरा.

मुलगा पुढच्या टाकीकडे सरकला तशी गौरी हळूच म्हणाली, "बघ, हे असं. कॉलेजही असंच सोडलंस, सरांवर भडकून. आईला काय सांगू रे मी तुझ्याबद्दल?"

म्हणजे सांगायचं होतं तिला? दोन वर्षं मी तिला लग्नाचं विचारलंच नाही. आणि उद्या ती चिपळूणला होकार-नकार कळवणार.

मत्स्यालय बंद करताना बघितलं, लेप अजून पांढराच. मरणार तर नाही ना? कल्ले हलत होते. सकाळपर्यंत रंग धरेलही.

मला मात्र सकाळपर्यंत थांबता येणार नाही. तिच्या आईसमोर आवाज चढला तर? चढू दे... नको, अजिबात चढायला नको. आधी माफी, मग विचारणं. चपला घातल्यात. दार ओढून घेतो आणि गौरीच्या घरी निघतोच.