फ्रीजवरचा पहारा

चि. धाकट्यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? कुरकुरत असला तर कुरकुरू दे, माझे दोन्ही सोबतीला आहेत. पत्र सांगतेय मी, लिहितेय सूनबाई. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला काय, मोती आणि मुंग्या सारख्याच. (मामा, कंसातलं माझं. - सूनबाई)

तू जन्मभर वायरमनकी केलीस म्हणून विचारते. फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का? पाहिलंय कुणी? परवा दिवसभर वीज नसणार असं कळलं, तेव्हा मला आधी बरंच वाटलं, की निदान एक दिवस तरी आत अंधार असल्याची खात्री!

तुझ्या भाच्याच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. माझ्या इन्सुलिनची शेवटची कुपी फ्रीजमध्ये. औषधवाल्याकडचाही माल संपलेला, आणि उन्हाळ्यात ती तापली की निकामी. झालं, स्वारी कामाला लागली. पंप चालणार नाही म्हणून बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी माझी कवळीची वाटीसुद्धा भरली. टॉर्चमध्ये नवे सेल. पडदे पेटतील म्हणून मेणबत्त्यांना बंदी. लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. वीज परत येताना झटका देते म्हणून सगळे प्लग उपसले. (जो कशालाच लावलेला नव्हता तोसुद्धा.) फ्रीजच्या दाराला चिकटपट्टी. दार बंद राहिलं तर आतला गारवा काही तास टिकतो म्हणे. मी समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

वीज गेली. जरा वेळाने तुझा भाचा आला आणि गारवा आहे ना, हे बघायला त्याने दार उघडलं. मग सूनबाई, दूध नासलं का बघायला. (एकदाच.) मग पुन्हा तो, हिने दार नीट लावलं होतं का, ते उघडून बघायला! खोटं कशाला बोलू, मीही उघडलं. गारवा बाहेर कसा येतो ते मला बघायचं होतं. खाली ओघळतो रे, थेट पावलांवर! तुला ठाऊक होतं, तर इतकी वर्षं बोलला का नाहीस? दुपारपर्यंत पट्टीने चिकटणं सोडून दिलं.

जेवण झाल्यावर मी डोळे मिटून विचार करत बसले. (घोरत.) दचकले ती ओरडण्याने. "आई, कुपी नाहीये!" तुझा भाचा कमरेपर्यंत फ्रीजमध्ये शिरला होता, आणि तरी घामाघूम. सूनबाई मात्र ढिम्म, कांदा चिरत होती. मनात आलं, हिला सासूच्या जिवाची काही पडलीय की नाही? लिही गं, हात का थांबला?

मग मी खुर्चीखालची पिशवी ओढली. कुपी सकाळीच, वीज असताना, डबीत घालून मी गार पाण्याच्या फ्लास्कमध्ये ठेवली होती. "मग दिवसभर फ्रीज कशाला राखत बसलीस?" म्हणून तो माझ्यावरच उखडला. अरे, फ्लास्कचं सांगितलं असतं तर तुम्ही घटकेघटकेला फ्लास्क उघडला असता! फ्रीज तुम्हाला उघडायला ठेवला होता. "बरं, दाखव तरी," म्हणाला. म्हटलं, मुळीच नाही, गारवा जाईल. फ्लास्क मांडीवर घेऊन बसले ती वीज येईपर्यंत. आल्यावर सूनबाई म्हणाली, "द्या इकडे. फ्रीज जरा गार होऊ दे, खालून दूध आणते, मग ठेवते." आणि ठेवली. कुपी ठणठणीत, मीही.

तुझी ताई

ता. क. खरं काम पुढेच आहे. तसलाच रुंद तोंडाचा आणखी एक फ्लास्क पाठव. माणसांपेक्षा माझा त्याच्यावर भरवसा बसलाय. दिव्याचंही कळव.

ता. क. (हा माझा.) मामा, फ्लास्कचं बूच सैल होतं. सासूबाई विचार करत होत्या तेव्हा पिशवी ओली दिसली, उघडून पाहिलं तर पाणी पार कोमट. कुपी खालच्या डॉक्टरीणबाईंच्या बॅटरीवरच्या फ्रीजमध्ये ठेवून आले, आणि दूध आणायला गेले तेव्हा परत आणली. नातवंड घ्यावं तसा रिकामा फ्लास्क मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सांगवलं नाही. फ्लास्क जरूर पाठवा, पण बूच घट्ट आहे ना, बघून घ्या. त्या विचारतायत, एवढं काय लिहितेस? म्हटलं, मामांना नमस्कार.