अपरोक्ष

९ मार्च, सोमवार

पेपरातला उद्याचा चौकोन लावून दिला. दिनविशेष – दहा मार्च, टेलिफोनवरून पहिल्यांदा माणसाचं बोलणं ऐकू आलं. पहिलं वाक्य, 'इकडे या, तुम्हाला भेटायचंय.' सामान्यज्ञान – मधमाशीला पाच डोळे असतात. शब्द – सिंहावलोकन. बावीस वर्षं मी हा चौकोन भरतेय. लोक पेपर उघडून आधी भविष्य बघतात, मग कोण गेलं ते, मग मला. तिसरा नंबर काही वाईट नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन. "आत्या, बाबांचा घसा... शुक्रवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत. नंतर आवाज राहणार नाही." मग हळूच – "तुला कळवलंय हे त्यांना माहीत नाही."

मी 'बरं' म्हणाले. अकरा वर्षांनी दादाची बातमी येते आणि माझ्या तोंडातून निघतं काय, तर 'बरं'!

१० मार्च

चार वेळा नंबर काढला. लावला नाही.

लोकांना टेलिफोनचा इतिहास सांगायला काय जातं!

खरं कारण इथे तरी लिहावं. आईला शेवटी ऑपरेशन नको होतं. 'मला आता कापू नका गं,' एवढंच म्हणायची. डॉक्टरांना नकाराच्या कागदावर सही हवी होती. दादा बाहेर बाकावर बसलेला. तीनदा विचारलं, 'दादा, काय करू?' तो भिंतीकडे बघत राहिला. शेवटी मी सही केली. आठवड्याने आई गेली. पंधरा दिवसांनी दादाचं पत्र आलं – 'आईच्या बाबतीत तू जे केलंस, ते माझ्या अपरोक्ष केलंस. हे मी विसरणार नाही.'

पाठीमागे? दोन हातांवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे? माझं डोकंच फिरलं. उत्तर दिलं नाही. त्याचाही पुन्हा शब्द नाही. तो ताठ, आणि मी त्याचीच बहीण.

११ मार्च

ऑफिसात एका वाचकाचं खरमरीत पत्र. आम्ही परवा मथळा छापला – 'मालकाच्या अपरोक्ष दुकान फोडले'. वाचक विचारतात, मग मालक काय हाताची घडी घालून बघत उभा होता? संपादक हसले. "बाई, उद्या चौकोनात हाच शब्द घ्या. आपली चूक आपणच निस्तरू."

लिहायला बसले. परोक्ष म्हणजे नजरेआड. अपरोक्ष म्हणजे समोर, डोळ्यांदेखत. बोलताना सगळे नेमकं उलटं वापरतात. मीसुद्धा! हा नियम मला शिकवला दादानेच. भाषेचा मास्तर तो. 'अ लागला की अर्थ उलटा होतो, गाढवे!'

आणि पेन थांबलं.

घरी येऊन कपाटातून पत्र काढलं. उभ्यानेच वाचलं. दादा चुकीचा शब्द लिहिणारच नाही. दुकानदाराला पाटी खाली उतरवून वेलांटी दुरुस्त करायला लावणारा माणूस! म्हणजे त्याला म्हणायचं होतं – माझ्या डोळ्यांदेखत केलंस. मी पाहिलं. विसरणार नाही. आरोप नव्हताच तो! उपकार मानत होता माझे, त्याच्या त्या कोरड्या पद्धतीने.

एका 'अ'पायी अकरा वर्षं. आणि मी म्हणे प्रूफं तपासते! भरपूर रडले.

१२ मार्च

रजा टाकली आणि दवाखान्यात गेले. दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. दादा निम्मा झालाय. मला बघून त्याने आधी चष्मा पुसला.

"मधमाशीचे डोळे छापलेस," म्हणाला. आवाज म्हणजे नुसती खरखर. "दोन मोठे, तीन बारके. सांगायला नको? अर्धवट!"

म्हणजे रोज वाचतो! वहिनी म्हणाली, "आधी चौकोन, मग चहा."

मी पत्र काढलं. वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "दादा, याचा अर्थ काय?" त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. वहिनी उगाचच उशी नीट करायला लागली.

"डोळ्यांदेखत," तो म्हणाला. "दुसरा काय अर्थ होतो? शिकवलं कोणी तुला?"

"तूच."

"मग!"

मग आम्ही तासभर बोललो. आईबद्दल, त्याच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या गळक्या न्हाणीघराबद्दल. नर्स दोनदा दटावून गेली, "आजोबा, जास्त बोलू नका." दादा म्हणाला, "उद्यापासून नाही बोलत." मला हसू आलं, आणि लगेच कळलं, तो खरंच सांगतोय. निघताना त्याने मला माझ्या लहानपणच्या नावाने हाक मारली. ती आता पुन्हा ऐकू येणार नाही. पण आज ऐकली. देवाशपथ सांगते, हलकी होऊन जिना उतरले.

१३ मार्च

सहा तास चाललं. नीट पार पडलं. चौकोन आज दुसऱ्या कोणीतरी भरला. मी वाचलासुद्धा नाही.

१४ मार्च

दादा शुद्धीवर आहे. खुणेने कागद मागितला. वाटलं, पाणी हवं असेल. अक्षर अजून मास्तराचंच. लिहिलं – 'तेव्हा मला पाठीमागे असंच म्हणायचं होतं. शब्द माझाच चुकला. मी समोर बसून गप्प राहिलो, ते सोसत नव्हतं.'

मी वाचलं. त्याने कागद परत ओढून घेतला आणि 'तेव्हा'खाली दोन रेघा मारल्या.