गाडीत आणखी काही बदल?

३ मार्च, सोमवार

बसला! नवा एअर फिल्टर अखेर बसला. गॅरेजवाल्याने बॉनेट लावलं आणि म्हणाला, "ताई, आता ऐका." अॅक्सिलरेटर दाबला तर पुढून एक लांबलचक सुस्कारा. टर्बो हवा ओढतोय ते ऐकू येतं! वेग म्हणाल तर तसूभरही वाढलेला नाही. मला काय त्याचं! एक्केचाळिसाव्या वर्षी सेकंडहँड टर्बो गाडी घेणाऱ्या बाईने नुसत्या आवाजावरही खूश व्हावं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी एकतीस वर्षं विमा कंपनीत काढली, तीही दाव्यांच्या खात्यात. दावा का मंजूर होणार नाही याची पत्रं लिहिण्यात हयात गेली. चहा तसाच टाकून त्यांनी फोन लावला. पॉलिसीवर दुसरा चालक म्हणून त्यांचं नाव आहे, त्यामुळे स्वारीला पूर्ण अधिकार. वीस मिनिटं कंपनीचं संगीत ऐकत बसले — अगदी मजेत. फिल्टरपायी प्रीमियम किरकोळ वाढला. "कंपनीला न सांगितलेला स्क्रूसुद्धा अपघाताच्या दिवशी तोंड उघडतो," म्हणाले.

४ मार्च

कामावर जाताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. खिडकी उघडी!

९ मार्च, रविवार

गॅरेजवर गेले होते, रीमॅपचं विचारायला. रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला नवे हुकूम द्यायचे — टर्बोने किती दाब द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं. एक वायर जोडायची, अर्धा तास थांबायचं, ताकद वाढते. गॅरेजवाला म्हणाला, "आधी टायर आणि ब्रेक पॅड. पळवायच्या आधी थांबवायचं बघा." माणूस आवडला. मी लॅबमध्ये कृत्रिम दात घडवते. एक दात केसभर उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, म्हणून क्रमाने काम करणाऱ्यांवर माझा लोभ.

टायर, पॅड दोन्ही बदलून आणले. बाबांनी तेही कळवलं. त्याचे जादा पैसे नाहीत!

१० मार्च

जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःच कंपनीला फोन केला. नाव सांगितलं नाही, आपली सहज चौकशी. रीमॅप केलं तर प्रीमियम जवळजवळ दीडपट! डबा गार झाला.

१५ मार्च, शनिवार

केलं.

गॅरेजमधून निघाले, चौकातून उजवीकडे वळले आणि पाय जरासा दाबला. पाठीला कुणीतरी तळहात लावून पुढे ढकलावं तशी गाडी निघाली. मी एकटीच मोठ्याने हसले. सिग्नलला शेजारच्या गाडीतले आजोबा बघत होते, त्यांनाही हात केला. कित्येक वर्षांत इतका निव्वळ आनंद झाला नव्हता — खोटं कशाला लिहू!

पैसे देताना गॅरेजवाला म्हणाला, "कंपनीला कळवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडची निम्मी माणसं नाही कळवत." मी मान हलवली. कळवणार की नाही, ते त्यावरून त्याला समजलं नसेल. मला समजलं होतं. नाही.

१६ मार्च

टेकडीचा चढ. तिसरा गिअर. दुसऱ्यावर उतरावंच लागलं नाही!

२० मार्च

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना-येताना अशी चालवली की सायकलवाले ओव्हरटेक करत होते. बाबा खिडकीतून सायकली मोजत बसले. नंबर वाढलाय त्यांचा.

२७ मार्च, गुरुवार

पॉलिसी पुढच्या महिन्यात संपते. बाबांनी कपाटातून फॉर्म काढला, टेबलावर नीट मांडला, नवा चष्मा पुसला. फॉर्म भरायचा म्हटलं की त्यांच्या अंगात बळ येतं. एकेक रकाना मोठ्याने वाचायचे, मी उत्तर द्यायचं. गाडी रात्री कुठे उभी असते. वर्षाला साधारण किती चालते. मग —

"गाडीत आणखी काही बदल?"

"नाही."

"बरं." खालच्या ओळीवर सही केली, पेनला टोपण लावलं. पुन्हा विचारलं नाही.

२८ मार्च

गाडी छान पळते.

३१ मार्च, सोमवार

छान पळते, पण आज मी बसने कामाला गेले. बाबांना म्हटलं, पार्किंग मिळत नाही.

एखाद्याला धडक बसली तर कंपनी हात वर करेल, आणि ज्याला लागलं त्याचं मी कुठून भरणार? ही भीती आहेच. पण खरं टोचतंय ते वेगळं. त्या फॉर्मवर सही बाबांची आहे. एकदा एका माणसाचा दावा त्यांनी फेटाळला होता, माहिती दडवली म्हणून. त्याची बायको ऑफिसात येऊन नुसती बसून राहिली. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. मी तेव्हा शाळेत होते. अशा माणसाच्या हाताने मी खोट्याखाली सही करून घेतली! दीडपट प्रीमियम वाचवायला! लाज वाटते.

२ एप्रिल

ठरलं. उद्या कंपनीला सगळं सांगायचं. दीडपट तर दीडपट, उन्हाळ्यात ठरवलेली सहल रद्द. रीमॅप काढणार नाही, तेही ठरलं! आधी फोन, मग बाबांना सांगायचं. आधी बाबांना सांगायचं धाडस नाही. आज हलकं वाटतंय, पोळ्याही गोल झाल्या.

३ एप्रिल, गुरुवार

फोनवरच्या बाईने नंबर टाकून बघितलं. "रीमॅपची नोंद आहे, मॅडम. सतरा मार्चला दुसऱ्या चालकांनी कळवलंय. जादा रक्कमही त्यांनीच भरलीय." रीमॅपची पावती गाडीच्या कप्प्यात मीच ठेवली होती, बाबांना गाडीतून छत्री आणायला पाठवणारीही मीच. मग मी त्या फॉर्मचं विचारलं. ती गोंधळली. म्हणाली, असा फॉर्म आम्ही चार वर्षांपूर्वीच बंद केला.

म्हणजे फॉर्म मांडला त्याच्या आधी दहा दिवस त्यांना ठाऊक होतं. तरी जुना फॉर्म शोधून, चष्मा पुसून त्यांनी मला विचारलं. आणि मी त्यांच्याकडे बघून "नाही" म्हणाले.