ढाक्याच्या मापाची संत्री

चार इमली, भोपाळ
४ नोव्हेंबर २०२५

ती. शोभाताईस,
विश्वनाथचा शि. सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की आज सायंकाळी न्यू मार्केटमध्ये एका निरपराध नागरिकावर घोर अन्याय झाला. मला पायजमा मिळाला नाही. गेली कित्येक वर्षं सचिवालयातून घरी आलो की मी ज्या पायजम्यात विसावतो, ज्याचं इलॅस्टिक माझ्या पोटाशी कधी उद्धटपणे वागलं नाही, तो म्हणे ढाक्याहून यायचा. दुकानदार हात जोडून म्हणाला की साहब, बॉर्डर से कपडा बंद है, लुधियाने का ले जाइए. घालून पाहिला. श्वास आत घेतला की बसतो. बाहेर सोडायची सोय नाही. तरी मी ताठ मानेनं दुकानाबाहेर पडलो. देशासाठी एवढं सोसायलाच हवं.

भाऊबिजेला इथे येऊन तू मला ओवाळलंस आणि तबक खाली ठेवायच्या आत आपली याच विषयावर जुंपली. जाताना तू बजावलंस की फोन करू नकोस, लिहून पाठव, म्हणजे मध्येच ओरडता येणार नाही. म्हणून लिहितो. बांगलादेशाने आपल्या संत्र्यांवरची ड्यूटी दरवर्षी चढवत नेली. आपण त्यांच्या कपड्यांचे ट्रक अडवले. यात चुकलं कुठे? शेजारी सारखं कुंपण पुढे सरकवत असेल, तर एक दिवस आपणही खुंटा उपटायचा असतो. थोडा ताण दिला की येतील वठणीवर. हे मी तुझ्याच बाजूने बोलतोय ताई. संत्री तुझीच अडलीत ना?

शैलेंद्रभाऊजींना नमस्कार. प्राजक्ताचं म्हणणं आहे की बायको म्हणून तिने माझं पोट आधीच अडवायला हवं होतं. राग ओसरला असेल तर लोभ धाडावा, नसेल तर नुसतं पत्र धाडावं.

तुझा
विश्वनाथ


वरुड
१० नोव्हेंबर

चि. विश्वनाथ यास शोभाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग इतकी भडकले की ह्यांनी माझ्या हातातली कपबशी काढून घेतली.

माझ्या बाजूने बोलतोस म्हणे! माझ्या बाजूने बोलणारे आता पोत्याने मिळतात, माल घेणारा एक मिळत नाही. आपल्या शेडमध्ये काय चालतं ते तू कधी नीट पाहिलंस का? बायका लहान फळ निवडतात, धुतात, यंत्रावर मेणाची चकाकी चढवतात आणि ते ढाक्याला जातं. जायचं. ढाक्याला लहान फळच हवं असतं, तेवढ्याच पैशांत घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवता येतं. इकडे तेच फळ ज्यूसवाला नेतो, तेही उपकार केल्यासारखं. आता ड्यूटी फळाच्या किमतीहून मोठी झालीय. तिकडचे आपले व्यापारी रफीकुल सांगत होते की दीदी, आमच्याकडे लोक आता आजाऱ्याला भेटायला जातानाच संत्रं घेतात.

त्यांच्या सरकारला डॉलर वाचवायचेत, त्यांच्याही डोंगरात कोणी माल्टा जातीची संत्री लावलीत, हे मला कळतं. मी काही बावळट नाही. पण त्यांनी मला मारलं, आणि आपण सूड कोणावर उगवला? तिकडे शिलाई मशिनवर बसणाऱ्या बायकांवर. माझ्या शेडमधल्या बायका आणि त्या बायका जन्मात एकमेकींना भेटलेल्या नाहीत, आणि एकीच्या पोटावर दुसरीचा पाय ठेवून दिलाय, तिला न विचारता. तुझ्या पायजम्याच्या त्यागाने माझं एक क्रेट तरी सुटलं का? सांग ना!

आणि ताणाबद्दल तू मला शिकवू नकोस. बहार यावा म्हणून आम्ही झाडाचं पाणी तोडतो, खरं आहे. पण पाणी तोडणारा माणूस रोज बागेत जातो, पान किती मलूल झालं ते हाताने बघतो, आणि वेळेवर पाणी सोडतो. नाही सोडलं तर बहार येत नाही, सरपण येतं. तुमच्या सचिवालयातून, नाहीतर त्यांच्या सचिवालयातून, पान बघायला कोण जातं रे?

आता कामाचं. ह्यांनी यंत्राला गिऱ्हाईक पाहिलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. यंत्र गेलं की शेडला कुलूप आणि बायका घरी. मी म्हटलं, त्याआधी एक ट्रक भोपाळला पाठवून बघू. तिथे बरा भाव आला तर यंत्र राहील. करोंदच्या मंडीत तू स्वतः उभा राहायचंस. शिपाई पाठवलास तर याद राख.

माया आहेच, पण सध्या ती नाक्यावर तपासणीसाठी अडलीय.

शोभाताई


चार इमली, भोपाळ
१४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ट्रक पाठव. एवढं मोठं शहर आहे. एक ट्रक संत्री म्हणजे भोपाळची एका दुपारची सोलणी. अडत्याशी बोलून ठेवलंय, रजाही टाकलीय. पान बघायला कोण जातं, या तुझ्या प्रश्नाला उत्तर अजून सुचलेलं नाही. सुचलं की खरमरीत लिहीन. प्राजक्ता ते वाक्य जेवताना मुद्दाम वाचून दाखवते. तुम्हा नणंद-भावजयीचा लोभ असाच माझ्याविरुद्ध वाढत राहो.

विश्वनाथ


चार इमली, भोपाळ
२४ नोव्हेंबर

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पैसे तुझ्या खात्यावर टाकलेत, आकडा पाहून तुला कळलंच असेल. भाडं निघालं, वर फारसं काही नाही. कसं झालं ते आता ऐक, कारण मी अजून धुमसतोय आणि घरातले ऐकून कंटाळलेत.

अडत्याने पहिलं क्रेट उघडलं आणि विचारलं की साहब, ही संत्री आहेत की पोरांच्या गोट्या? भोपाळला मोठं फळ लागतं म्हणे. पंजाबचा किन्नू, तिकडचं टपोरं संत्रं, समोर टेचात बसला होता, त्याच्यावर बोली नुसती धावत होती. आपल्या ट्रकपाशी आली की लंगडायची.

त्यात शेजारच्या ट्रकवर चढून एक गृहस्थ हिंदीत गर्जायला लागले. पांढुर्ण्याचे बागायतदार, बाळूभाऊ डोंगरे. म्हणाले की हा महाराष्ट्राचा माल इथे येऊन आमच्या मध्य प्रदेशच्या संत्र्याचा भाव पाडतो, याला नाक्यावरच अडवा, टॅक्स लावा, म्हणजे अक्कल येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, ते अख्खं भाषण माझं होतं. माझं चोरलेलं म्हणावं इतकं माझं. फक्त या वेळी वठणीवर आणायचा शेजारी तू होतीस.

मग मी काय काय बोललो ते चार इमलीच्या साहेबी वस्तीत उच्चारण्याजोगं नाही. रागाच्या भरात मराठीत सुटलो. म्हटलं, वरुडचा कोंबडा आरवला की पांढुर्ण्यात माणसं उठतात, आणि बाहेरचं कोणाला म्हणता? ते थबकले, खाली उतरले आणि म्हणाले की मंग आधी मराठीत बोलाचं होतं नं साहेब, मी तं तुमाले बाहेरचे समजलो. म्हणजे भाषा कळली तर घरचा, नाही कळली तर लावा टॅक्स! हे मी त्यांना सुनावलं. त्यावर त्यांनी मला सुनावलं की तुमी सचिवालयात बसून बाता मारता, इथं किन्नूनं दोघाईले खाल्लं. त्यांचाही माल पडेल भावात गेला होता.

भांडण दुपारपर्यंत चाललं. भांडता भांडताच त्यांनी डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि झुणका निम्मा करून माझ्या हातावर ठेवला, न विचारता. मी सकाळपासून उपाशी होतो. खाताना त्यांनी तुझं एक संत्रं बाहीवर घासलं आणि ही चकाकी जात कशी नाही, असं विचारलं. मी यंत्राचं सांगितलं. त्यांचं फळ आकाराने चांगलं आहे, पण किन्नूशेजारी आजाऱ्यासारखं दिसतं. ते नि त्यांच्या गावचे आणखी काही जण वरुडला माल आणून चकाकी चढवून नेतील का, असं तेच म्हणाले. मी तुझा नंबर दिलाय.

फार आशा धरू नकोस. पांढुर्ण्याने ढाका भरून निघत नाही, आणि ज्यांनी तो तोडला त्या दोन्हीकडच्या साहेबलोकांना कोणी मंडीत उभं करणार नाही. माझ्यासकट आम्ही सगळे टेबलावर बसून नकाशात खुंट्या मारतो. पण गिऱ्हाइकाला यंत्राचा होकार देण्याआधी या माणसाचा फोन घे. भाऊजींनाही सांग. बाळूभाऊ ओरडतील, ओरडू देत.

पान बघायला आमच्यापैकी कोणी जात नाही, ताई. लोभ ठेवशील तेवढा थोडाच, आणि आता फोन केलास तरी चालेल.

तुझा
विश्वनाथ

ता. क. उरलेली भाकर-झुणका बाळूभाऊंनी त्या दिवशी डब्यासकट प्राजक्तासाठी माझ्या हातात कोंबली होती. आज ते पुन्हा माल घेऊन येणार होते. प्राजक्ताने डबा घासून त्यात चिवडा भरला. ऑफिसच्या आधी मी करोंदला गेलो. ते बोलीपाशी कोणावर तरी तावातावाने ओरडत होते. मी डबा त्यांच्या ट्रकच्या सीटवर ठेवला आणि हाक न मारता परत आलो.