बारा मीटरला भोक

३ तारीख

मालकांनी आज ह्यांना वजनकाट्यावर उभं केलं. सहासष्ट किलो! मालक म्हणाले, "काय रे, बायको जेवायला घालते का नाही?" सगळे हसले. मी शिलाई मशीनवर होते, मान वर केली नाही.

मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर बोर्डवरून घसरत जायचं शिकवतात इथे. भिंतीवरचा तक्ता मला पाठ झालाय. माणूस जड तर पतंग मोठा. वारा जोराचा तर पतंग लहान. सध्या वारा मंद, म्हणजे ह्यांना बारा चौरस मीटरचा; दुकानात नुसतं बारा मीटर म्हणतात, नाहीतर बारा. शिकाऊ म्हणून बोर्ड रुंद, तो पाण्यावर लवकर तरंगतो. हेल्मेट, जॅकेट, कमरेचा पट्टा. पट्ट्यापुढे लाल मूठ — ढकलली की पतंगाचा जोर जातो. मालकांनी दहादा ढकलून घेतली.

महिनाअखेर बोर्डवर उभे राहिले तर शिकवायची नोकरी पक्की, आणि दुकानामागची ही खोली. नाहीतर दुसरा माणूस येणार.

४ तारीख

फाटलेला पतंग माझ्याकडे शिवायला येतो. माणूस कुठे जातो ते कोणी सांगत नाही.

५ तारीख

खोटं बोलले. बाराच्या कडेला हवा भरून फुगवायची नळी असते, तिला भोक आहे म्हटलं. हे म्हणाले, "किती दिवस लागतील?" म्हटलं, बघू. सात मीटरचा दिला हातात. एवढ्याशा वाऱ्यात सात ह्यांना उचलणार नाही — म्हणूनच दिला.

बाराची घडी करून मशीनखाली ठेवली. त्या घडीवर पोरगी निजते. सहा महिन्यांची, तिला काय! मऊ लागतं.

९ तारीख

सात वर डुलतोय आणि हे पाण्यात बसून. ढुंगण भिजवून परत आले. मालक म्हणाले, "झाली का आंघोळ?" हेपण हसले. मी ह्यांचे ओले कपडे वाळत घातले.

१६ तारीख

मालकांनी मला विचारलं, "बुजलं का भोक?" मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले — "नाही अजून. मी सातवरच शिकतो."

बरं वाटलं. मग लाज वाटली. चौदा दिवस राहिले.

२२ तारीख

दुपारी वारा एकदम चढला. तक्त्यात बघितलं — आता ह्यांना सातच बरोबर! मी काय त्यासाठी दिला होता?

पोरीला घेऊन दारात उभी राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, आवळू नकोस तिला." सात सरकन वर गेला. हे बोर्डवर उभे. पडले. परत उभे! पाण्यातल्या लांबच्या खांबापर्यंत जाऊन आले.

एक गिऱ्हाईक घरचा बारा घेऊन आलं होतं, कोणाचं ऐकलं नाही. पतंगाने त्याला वाळूवरून फरफटत नेलं. मूठ ढकलायचं सुचलंच नाही. खांदा निखळला. त्याचा पतंग उद्या येईल माझ्याकडे.

मालक ह्यांना म्हणाले, "खोली तुमची."

२३ तारीख

हे सकाळी मशीनपाशी येऊन बसले, दोऱ्यांचा गुंता सोडवायला. मी म्हटलं, आज तेवढं बाराचं भोक चिकटवून टाकते.

"भोक कुठाय?" म्हणाले. "पहिल्याच दिवशी पोरीला उचलून फुगवून बघितला मी."

माझी सुई थांबली. ह्यांनी दोऱ्यांतून मान वर केली नाही.

"मलापण सातच हवा होता गं."