शालूचे गुडघे

३ फेब्रुवारी, सोमवार
मोबाइलवर कसरत! माझा गुडघा झिजला म्हणून पोरीनं, दीक्षानं, रायपूरहून नाव लावून दिलं. नागपूरच्या मृणाल मॅडम — सोमवार-गुरुवार, अर्धा तास. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे. तीस वर्षं प्लांटात क्रेन चालवली, आता हे. बायको, शालू, मोबाइल धरून उभी होती. हालवू नको म्हणून तिच्यावर खेकसलो.

६ फेब्रुवारी
थोडं कमी दुखून राहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
मॅडम मधातच थांबल्या. मोबाइल कोण धरून आहे, विचारलं. चित्र सारखं हलतंय, त्यांना उभं राहवत नाहीये म्हणे. शालूलेच खुर्चीवर बसवलं. तिचा गुडघा सरळच होत नाही. दोन्ही. किती वर्षांपासून? आठ, म्हणाली.

"घरी कोणाला सांगितलं नाही का, मावशी?"

शालूनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"सांगितलं ना."

११ फेब्रुवारी
सांगितलं होतं. मले आठवते. विहारात खाली बसता येत नाही म्हणाली, तर मी म्हटलं — घरात बसून कोणाचे गुडघे दुखतात का! प्रफुलच्या, आपल्या पोराच्या, लग्नात ती चालताना मागं राहिली, तर पाहुण्यांसमोर तिले म्हैस म्हटलं. लोक हसले. तीही हसली.

माझा गुडघा चार महिने दुखला, तर डॉक्टर, एक्स-रे, मॅडम. तिच्या आठ वर्षांत बामाची एक डबी आणली. तीही दोनदा मागितल्यावर.

१३ फेब्रुवारी
माझी जागा शालूले दिली. मोबाइल आता मी धरतो. माफी मागायची होती. तोंडातून निघालं — चहा ठेवू का? नको म्हणाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज खुर्चीले हात न लावता उभी राहिली! मॅडम म्हणे, इतकं मनापासून कोणीच करत नाही. रोज दोनदा करते. मी अजून काही बोललो नाही. वाटलं, आता बोलायची गरजही नाही.

३ मार्च, सोमवार
मॅडमनं विचारलं — मावशी, बरं वाटल्यावर काय करायचंय? मले वाटलं, विहाराचं नाव घेईल.

"यवतमाळले बहीण राहते, एकटी. दुसऱ्या माळ्यावर. तेवढ्या पायऱ्या चढता आल्या की तिच्याकडे राहायले जाईन."

किती दिवस, मॅडमनं विचारलं.

"आता तिथंच."

मी समोरच उभा होतो. तिनं आवाजही कमी केला नाही.