आठवा द्रोण

कार्तिकी पौर्णिमा, बुधवार. शके १८०५.
आभाळ मोकळं. वारा घाटाकडून, गार.

चौक गावाहून बैलगाडीनं निघाले ती दिवस बुडायच्या आत दहिवलीला पोचले. हाडं खिळखिळी झाली, पण जीव खूश आहे. भिवाजीचं घर बरं आहे. कुडाच्या भिंती नव्यानं लिंपल्यात, दारापुढं खळं सारवून तयार आहे, शेतात कापलेल्या भाताचे भारे पडलेत.

भिवाजी माझा धाकटा भाऊ. त्याची बायको सुंदरा गेल्या कार्तिकात वारली. मागं कोंडी, सहा वर्षांची. बाप्याला चूल जमत नाही नि पोरीच्या डोक्याला फणी लागत नाही, म्हणून मला बोलावलं. मी रांडाव बाई, मला कोण अडवणार. कोंडी दारातच उभी होती, केसांत उवांचा बाजार. म्हणाली, "आते, तू लई दिस ऱ्हानार का?" म्हटलं, तुझं डोकं साफ होईस्तोवर. तर म्हणाली, मग लई दिस. पोर आवडली मला.

हे लिहायचं वेड नवऱ्याचं. तो घाटात आगगाडीच्या रुळांच्या कामावर हजेरी लिहायचा. डोळे अधू झाले तेव्हा मला अक्षरं शिकवली नि माझ्याकडून लिहून घेऊ लागला. आधी आभाळ नि वारा, मग माणसं. तो गेला, सवय राहिली.

संध्याकाळी शेजारची म्हातारी भागूबाई आली. ओटीच्या कडेला पळसाच्या पानांचे सात द्रोण मांडले, प्रत्येकात मूठभर मीठ. सात द्रोण म्हणजे पुढचे सात दिवस. रात्रभर उघड्यावर ठेवायचे. ज्याच्या मिठाला सकाळी पाणी सुटलं त्या दिवशी पाऊस. भारे खळ्यावर कधी आणायचे ते सगळी आळी ह्यावरून ठरवते. मला हसू आलं, पण पहिलाच दिवस, गिळलं.

कोपऱ्यात तिनं आठवा द्रोण मांडला. हा कशाला विचारलं तर सांगायला लागली, "त्यो सुंदराचा गं बाय, त्याचं आसं हाय की..." म्हातारीचं बोलणं म्हणजे साऱ्या गावाला वळसा. म्हटलं, उद्या सांग, माझ्या भाकऱ्या करपतात.

वद्य १, गुरुवार.
कोरडं. दव बेताचं.

सातही द्रोणांतलं मीठ खडखडीत. भागूबाईनं ओटीवरूनच हाळी दिली, "आठवडा कोरडा हाय रं, आना भारे." आळीतली माणसं दोर घेऊन पळाली, म्हातारीही त्यांच्यामागं. भिवाजी हसला. गेल्या साली त्याचं भात पाण्यात गेलं, बायकोही. यंदाचं घरात आलं की माणसात येईल. आजपासून राखणीला खळ्यावरच निजणार आहे.

आठव्या द्रोणात मात्र काठोकाठ पाणी. मूठभर मिठाला एवढं पाणी कसं सुटलं, कोण जाणे. मीठ पेणहून येतं, माणसं डोक्यावरून आणतात. ओतून देणाऱ्यातली मी नाही. उडदाच्या आमटीत घातलं. मी नि कोंडी जेवलो. भिवाजीची भाकर-चटणी आधीच खळ्यावर गेली होती. आमटी झकास झाली. पोरीनं दोनदा मागून घेतली.

वद्य २, शुक्रवार.
ऊन कडक. वारा तोच.

कोंडीच्या डोक्यात फणी घातली तर केस ओले. नुसते दमट नाही, निथळत होते. नदीवर गेलीस म्हणून पाठीत धपाटा घातला. रडली नाही. म्हणाली, "मी हितंच चिंचोके खेळत व्हते." समोरच्या बायकाही तेच सांगतात, पोर ओटीवरून उठली नाही. उगाच मारलं.

दोरीवर माझं लुगडं घटकाभरात वाळलं. शेजारी तिचा परकर संध्याकाळपर्यंत ठिबकत होता.

दुपारी तिनं खुंटीवरचं इरलं काढलं. पावसात डोक्यावरून घेतात ते, पानांचं. ते घेऊन खळ्याच्या कडेला भर उन्हात उभी राहिली. पोरं हसली. एक जण म्हणाला, कोंडे, पूर आला का गं. मीही हसले.

वद्य ३, शनिवार.
कोरडं. वारा पडलेला.

चूल पेटेना. लाकडं कडकडीत वाळलेली, तरी नुसता धूर. कोंडी निजते तिथली जमीन ओली. वर हात घालून छपराचा पेंढा बघितला, बोटांत कुसकरला जातो इतका कोरडा. तरी थेंब पडतात. फक्त तिच्या अंथरुणावर. अंथरूण दुसऱ्या भिंतीला नेलं. थेंब तिथं आले.

विचारलं, इरलं का घेतेस. म्हणाली, आई सांगते. भारे भिजत्यात, झाकाया ये म्हणते. म्हटलं, कुठून सांगते आई. तिनं माझ्या पाठीमागं बोट केलं.

मागं भिंत होती. पण वळायला मला वेळ लागला, खोटं कशाला लिहू.

वद्य ४, रविवार.
कोरडं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. आळीत भाताची झोडणी चालू, माणसं गाणी म्हणतायत.

कोंडी खोकली नि तोंडातून गढूळ पाणी पडलं. त्यात भाताची पाती. माझ्याही छातीत गुळगुळ वाजतं.

भागूबाईला खळ्यावरून हाताला धरून आणली, म्हटलं आता सगळं बोल. बोलली. गेल्या साली सगळे द्रोण कोरडे निघाले होते. तिनंच हाळी दिली, आना भारे. ऐन दुपारी पाऊस कोसळला. सुंदरा नदीकाठच्या शेतात भारे झाकायला धावली, नदी चढली, दुसऱ्या दिवशी तिला भाऱ्यांखालून काढली. जो पाऊस मिठाला कळला नाही तो तेव्हापासून सुंदरापाशी राहिला. म्हणून दर पौर्णिमेला तिचा द्रोण मांडायचा. ती आपला पाऊस त्यात ओतते. सकाळी तो पाठ फिरवून नदीत टाकायचा, की महिनाभर शांत.

म्हातारी म्हणाली, "नदीत टाकलास न्हवं?"

मी आमटीचं सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला. मग हळूच विचारलं, कोनी कोनी खाल्ली.

वद्य ५, सोमवार.
कोरडं.

काल संध्याकाळी नवा द्रोण मांडला. सकाळी मीठ तसंच, खडा न् खडा. सुंदराला आता द्रोण नको. पोरीच्या अंगात जागा मिळाली.

कोंडीचे ओठ निळे. पालथी धरून पाठ चोपते, पाणी पडतं, श्वास घेते. परत भरतं. दारात आणली की उन्हात बरी, पण इरलं मागते नि नदीकडं ओढ घेते. एवढीशी पोर, मला फरफटत नेली. भिवाजीनं उचलून आणली. मी म्हटलं, मला शिव्या दे. देत नाही.

भागूबाई म्हणते, पानी घाट चढत नाय. पोरीला आगगाडीत घालून घाटावर न्या, सुंदराचा पाऊस खालीच राहील. पन ती आई हाय. पोर निघाली कळलं तर वाटंतच गाठंल. पोर घरातच हाय आसं तिला वाटाया पायजे.

मग कोणीतरी घरात पाहिजे. मीठ खाल्लेलं.

वद्य ६, मंगळवार. सकाळ.
कोरडं, बाहेर.

कोंडीला शेजारच्या पोरीचे कपडे घातले. तिचा ओला परकर उशीला गुंडाळला, उशी गोधडीखाली घातली. वर हात ठेवून बसले. भिवाजी म्हणाला, आक्का, तू पण चल. म्हटलं, गप चालू लाग. नदी ओलांड, ठेसन गाठ, दुपारच्या गाडीत बस, मागं बघू नको. पोर त्याच्या खांद्यावर होती. आते म्हणून हाक मारणार होती, मी तोंडावर बोट ठेवलं. समजली. शहाणी आहे.

गेले.

तीच सकाळ.
थेंब पडायला लागले. उशीवर. म्हणजे फसली. देवा, फसू दे.

मी थोपटते. अंगाई येत नाही मला, आळीतलं झोडणीचं गाणं म्हणते. डाव्या हातानं थोपटायचं, उजव्यानं लिहायचं. हात थांबला की थेंब पण थांबतात. ऐकते ती. म्हणून थांबायचं नाही.

दुपार.
दाराबाहेर ऊन आहे. दिसतं इथून. कोंबडी धुळीत लोळते. आत पाऊस.

पाणी घोट्यापर्यंत. उंबऱ्यावरून बाहेर जात नाही.

ती आली. दाराकडनं नाही. लुगड्याला चिखल, केसांत भाताची पाती. बसली गोधडीच्या पलीकडं, माझ्या समोर. तोंड बघितलं नाही मी. हात बघितले. नखं काळी. हात पुढं केला —

म्हटलं, वैनी, निजलीय, उठवू नको. ताप हाय.

हात मागं घेतला. बाई होती ती पण, आई होती. मला वाईट वाटलं नाय आसं नाय.

गाडी आजून नाय. कान तिकडंच —

पाणी गुडघ्याला. वही डोक्याशी धरून लिवते. खोकला आला, गिळला. खोकले तर बघंल माज्याकडं.

वाकली. गोधडीवर कान ठेवते. श्वास ऐकते —

मीच श्वास घेते मोठ्यानं. पोरीसारका. दोगींचा घेते —

भिवाजी कुटं असंल. चडला का गाडीत. चड रं —

टोक धरलं तिनं गोधडीचं. म्हनते काय तरी. भारे म्हनते. भिजत्यात म्हनते. म्हटलं वैनी मी येते झाकाया, मी येते, पोरीला निजू दे —

नाय. पोरच पायजे.

शिटी. शिटी झाली. लांबची. घाटाकडं वाजली, चडनीला लागली गाडी. परत वाजली. वर गेली.

गेली पोर.

आता खोटं नाय बोलायचं. टोक मीच उचललं. उशी दावली तिला. म्हटलं, बघ. घाटावर गेली. तुजी पोर जगली, वैनी.

बघते उशीकडं. परकर उचलला, वास घेतला. कवाची बघते —

पाऊस थांबला का काय. ठिबकत नाय. पानी छातीला तसंच. गार —

मान वर करते. बघते माज्या —